गुरुवारच्या भेटी

मी एक जुना फलक आहे, मित्रांनो, पण मला चौकट नाही, खिळा नाही आणि पाठीशी भिंतही नाही. संगणकाच्या पडद्यावर मला उघडावे लागते. उघडले की चढत्या-उतरत्या रेघा, रंगीत खांब आणि आकडे दिसतात. तोच मी. लोक मला डॅशबोर्ड म्हणतात. किर्गिझस्तानच्या डोंगरातल्या एका लहान गावी ग्रंथालय आहे. त्याची प्रदर्शने घरबसल्या कोण पाहते, किती वेळ पाहते, हे मोजण्यासाठी माझा जन्म झाला.

मला चोरोने घडवले. तो राजधानीत शिकून आला होता. ग्रंथालयाच्या प्रमुख झियादा एजे. एजे म्हणजे थोरली बहीण. त्यांना सगळेच तसे म्हणत. तरुणपणी एजे घोड्यावरून गावोगाव हिंडल्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे त्यांनी टेपवर घेतले होते. कोणी खोगिरे शिवणारा, कोणी लोकर दाबून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करणारी. पुढे टेपांना बुरशी लागली. तेव्हा चोरोने ते आवाज संगणकात उतरवून घेतले आणि टेपा फेकून दिल्या. मग एकेका माणसाचे एकेक पान झाले: वर फोटो, खाली आवाज. हीच आमची प्रदर्शने.

मला आखताना चोरो एजेंना विचारत असे.

"एजे, पान कोणी उघडलं तर त्याला काय म्हणायचं? क्लिक?"

"क्लिक काय रे? माणूस आहे की उंदराचा सापळा? भेट म्हण. माणूस येतो, बसतो, ऐकतो. भेटच की ती."

म्हणून माझ्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द आला: भेटी. मला त्याचा अभिमान वाटे.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. परदेशात बांधकामावर गेलेली आमची मुले जेवणाच्या सुटीत खोगीरवाल्याचे पान उघडत आणि माझ्यातला एक खांब उंच उंच होई. नोरुझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला मला मोठ्या पडद्यावर लावले. वरच्या कचेरीतल्या साहेबांनी बोट दाखवून विचारले, "हा उंच खांब कुठला? मॉस्को? रशियन लोकांना आपली खोगिरं एवढी आवडतात?"

"रशियन नाहीत साहेब," एजे म्हणाल्या, "आपलीच पोरं. तिकडे विटा वाहतात, इकडे घोडे बघतात."

सगळे हसले. टाळ्याही वाजल्या. त्या दिवशी माझ्या रेघा जरा जास्तच चमकत होत्या, असे मला अजून वाटते.

पण मित्रांनो, माझ्याकडे येणारी सगळीच माणसे नसतात. काही यंत्रेही येतात. ती पाने उघडतात, मिटतात; ऐकत काहीच नाहीत. त्यांच्यामुळे आकडे फुगतात. म्हणून चोरोने माझ्यात एक चाळणी बसवली. यंत्राची भेट वाटली की ती खाली, एका खणात पडायची. तो खण सहसा कोणी उघडत नसे.

त्या गावी गुरुवारी घरोघर कढई चढते. मेलेल्या माणसांना घराचा वास पोचावा म्हणून पिठाचे लहान तुकडे तेलात तळतात. त्यांना बोर्सोक म्हणतात, आणि त्या रीतीला 'वास काढणे' असेच म्हणतात. मग गेलेल्यांची आठवण करायची, तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि खायचे. एजे सकाळीच तळून डबा ग्रंथालयात आणत. अशाच एका गुरुवारी चोरो माझ्यासमोर बसून बोर्सोक खात होता.

"एजे, हे बघा. वरच्या खोऱ्यातला एक फोन आहे. दर गुरुवारी दिवेलागणीला येतो. एकच पान उघडतो, नमदेवाल्या बाईचं. त्यातही एकच जागा परत परत लावतो."

"असेल कोणी हौशी."

"हौशी माणूस इकडेतिकडे बघतो, एजे. कंटाळतो, एखाद्या आठवड्याला विसरतो. हा घड्याळासारखा येतोय. यंत्र आहे हे."

"मग गुरुवारीच का येतं?"

"कोणीतरी तसं लावून ठेवलं असणार. यंत्राला कसला आलाय गुरुवार!" त्याने आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

"बोटं पूस आधी. सगळा कळफलक तेलकट केलास."

चोरोने बोटे पुसली आणि त्याच बोटांनी तो फोन चाळणीत टाकला.

पुढच्या गुरुवारी फोन पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. असे वर्ष सरले. भेट माझ्या दारात यायची आणि मी ती खाली खणात टाकायचो. मला तसेच घडवले होते. कोण येते, हे मला ठाऊक नव्हते. येणारा बराच वेळ थांबतो, एवढेच मला दिसे. आणि यंत्रे थांबत नाहीत. पण जे सांगायला आखलेले नाही, ते मला सांगता येत नाही. माझ्यासारख्याचे हेच दुःख असते.

मग वरून हुकूम आला. जागा भरत आली आहे. वर्षभर ज्या पानाला भेट नाही, ते काढून टाका.

"बुर्माकानचं पान?" एजेंनी चष्मा वर केला. "नमदे करायची ती. काय बडबडी बाई होती! टेपलाच म्हणाली, तू जास्त बोलू नकोस. तिला कोणीच बघत नाही?"

"शून्य, एजे. फलक बघा की."

एजे माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. खणात इतक्या भेटी पडल्या होत्या आणि मी शून्य दाखवत होतो.

"शून्य म्हणजे शून्य," त्या म्हणाल्या. "काढ."

पान गेले. जास्त जागा आवाजच घेतो, म्हणून तो कायमचा पुसला गेला.

काही दिवसांनी एक बाई आली. पन्नाशीची असावी. बुटांवर बर्फाचा चिखल, हातात रुमालात बांधलेले बोर्सोक. नाव तिने बेगायिम सांगितले.

"एजे, माझ्या आईचं पान कुठे गेलं? फोन म्हणतो, सापडत नाही. आधी वाटलं, फोनच बिघडला. शेजारणीच्या फोनवरही बघितलं."

"कोण तुझी आई?"

"बुर्माकान."

एजेंनी उठून तिला खुर्ची दिली. चोरो म्हणाला, "ते पान कोणी बघत नव्हतं, ताई. म्हणून काढलं."

"कोणी नाही कसं? मी बघत होते ना! दर गुरुवारी तेल तापलं की लावायचे."

चोरोचा हात कळफलकावरच थांबला.

"त्यात एक जागा आहे," बेगायिम सांगू लागली. "आई नमद्याची नक्षी समजावते आहे आणि मी मध्येच दार उघडून आत येते. लहान होते मी. तर ती ओरडते, 'बेगायिम, दार लाव गं, लोकर उडतेय!' तेवढंच ऐकायचं असतं मला. घरात तिचा आवाज, तळणाचा वास. तिला पण पोचत असेल, मला पण."

 चोरोने खण उघडला. तिच्या सगळ्या भेटी एकाखाली एक तिथे होत्या. एकही गुरुवार चुकला नव्हता.

"मला यंत्र समजलात?" तिने विचारले. रागाने नाही, खरेच कळले नव्हते म्हणून.

"त्या दिवशी गुरुवार माझ्या तोंडातच होता, एजे," चोरो हळूच म्हणाला.

एजेंनी मान वळवली. टेपा फेकायला त्यांनीच सांगितले होते. आवाज कुठेच उरला नव्हता. चोरोने राजधानीत विचारले, जुनी खोकी उचकली. त्याच्या संगणकात फक्त फोटो सापडला: गुडघ्यांवर बसून लोकर दाबणारी बुर्माकान, आणि मागे अर्धवट उघडे दार. तो लावून त्याने पान परत सुरू केले आणि तो फोन चाळणीतून काढला.

आता मी जुना झालो, मित्रांनो. राजधानीत नवा, देखणा फलक तयार झाला आहे आणि माझ्याकडे क्वचितच कोणी बघते. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. तुम्हीही मोठेपणी काही ना काही मोजाल. एखादी गोष्ट नियमात बसली नाही, तर ती बाजूला टाकण्याआधी दारात जाऊन बघा, कोण आले आहे ते. माझ्यासारख्याला हात नाहीत, तुम्हाला आहेत. आणि माणसाचा आवाज शून्याच्या भरवशावर पुसू नका.

गुरुवारी दिवेलागणीला ती अजून येते. पानावर ऐकण्यासारखे काही नाही. तरी पीठ तळून होईपर्यंत पान उघडे असते. पूर्वी आवाज संपला की ती ते मिटत असे. आता तसेच ठेवते. दार लाव म्हणणारे कोणी राहिले नाही.

मी ती भेट मोजतो.