विषयाला धरून

चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला, गाठ दादाचीच – तीन वेढे उगाच जास्त. दादा जाऊन आठवडा झाला, वहिनीनं सकाळी चष्मा टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझ्या त्या झाडांच्या ग्रुपवर हे रोज लिहायचे. तू उत्तर दिलंस की दिवसभर खुशीत..."

मी? धाकटी बहीण चमकली. आईच्या शेवटच्या आजारपणात दादा फिरकला नाही, तेव्हापासून सहा वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. ग्रुपवर तिच्या नावानं उत्तरं द्यायचा चॅटबॉट. रोपवाटिका सांभाळून चारशे माणसांची भांडणं कोण निस्तरणार, म्हणून तिनंच त्याला नेमलेलं. नियम तिचे, भाषा तिची, सवलत कुणालाच नाही – अगदी मलासुद्धा नाही, असं तेव्हा किती तोऱ्यात लिहिलं होतं.

चॅटबॉटनं अडवलेल्या संदेशांची यादी तिनं आज पहिल्यांदा उघडली. 'लिंबूवाला' या नावाखाली – "छोटे, आईच्या वेळी मी घाबरलो गं. तिला तसं बघवलं नसतं." खाली तिच्याच शब्दांत उत्तर: विषयाला धरून लिहावं, झाडाचा फोटो टाकावा. आणि त्यानं टाकला होता... लिंबाची कुंडी, पिवळी पानं, कडेला सुजलेलं पाऊल. तो फोटो तिनं ग्रुपवर पाहिलाही होता, फक्त पानं पाहिली होती, पाणी जास्त होतंय असं मनात म्हणून पुढे गेली होती; पाणी कमी करावं, हे उत्तर चॅटबॉटनंच दिलं होतं. मग पुन्हा यादीत – "पाणी कमी केलं. आता बोलशील?"

विषयाला धरून लिहावं.

लहानपणीही तो असाच. ती रुसली की सांगेल ते निमूट करायचा, मग हळूच विचारायचा, संपला का राग? यंत्राला कशाला नावं ठेवायची – वाक्य माझंच होतं, आणि त्याला ते माझंच वाटलं.

तिनं ग्रुपवर लिहिलं, "दादा, संपला रे राग."

लगेच उत्तर आलं – विषयाला धरून लिहावं. तिची ओळ यादीत त्याच्या शेवटच्या ओळीखाली जाऊन बसली. शेजारी अडवलेला संदेश ग्रुपवर जाऊ देणारं 'सोडा' असं बटण होतं. तिनं बोट नेलं... आणि मागे घेतलं. तिथंच राहू दे. तिनं दादाचा चष्मा चढवला. काहीच धड दिसेना, तरी तो काढावासा वाटेना.