प्लास्टरची पट्टी

डॉक्टरांनी बासष्टाव्या वर्षी स्कॅनर घेतला आणि घरात नातू आल्यासारखे ते येईल-जाईल त्याला तो दाखवू लागले. विजेच्या टूथब्रशएवढा कॅमेरा तोंडातून फिरवायचा, की समोरच्या पडद्यावर अख्खा जबडा रंगीत उभा राहायचा.

"आता मापासाठी तोंडात लगदा कोंबायची गरज नाही, ताई," ते म्हणायचे.

ताई म्हणजे दवाखान्याच्या मागच्या खोलीत दात बनवणारी कारागीर. एकोणीस वर्षं ती तिथे काम करत होती. डॉक्टरांपेक्षा वयाने लहान, पण दवाखान्यात सगळे तिला ताईच म्हणत, डॉक्टरसुद्धा.

स्कॅनरचा खरा उपयोग झाला तो बाईंना. बाई कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायच्या. मुलं त्यांच्या ओठांकडे, दातांकडे, जिभेकडे पाहून एकेक अक्षर उचलायची. पण हिरड्यांच्या आजाराने बाईंचे वरचे सगळे दात गेले, तेव्हापासून त्या रजेवर होत्या. तोंडावर रुमाल धरल्याशिवाय घरातही बोलत नसत. डॉक्टरांनी त्यांच्या वरच्या जबड्यात सहा इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारे धातूचे सहा खुंट बसवले होते. हाड भरून आलं होतं. आता त्यांवर दातांची अख्खी ओळ पक्की करायची होती.

घोडं अडलं ते मापापाशी. लगद्याचा साचा तोंडात गेला की बाईंना उमासे यायचे. दुसऱ्या खेपेला तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि "राहू देत, मला नकोत दात," म्हणून त्या खुर्चीतून उठल्याच होत्या. स्कॅनरने तेच माप पाच मिनिटांत घेतलं. बाईंना ठसकाही लागला नाही. डॉक्टरांची छाती फुगली.

त्या मापावरून ताईने दातांखाली बसणारा धातूचा सांगाडा करून घेतला. स्कॅनवरून छापून आलेल्या जबड्याच्या नमुन्यावर तो इतका चपखल बसला की तीही खूश झाली. बाईंच्या तोंडात तो बसवून बघायच्या दिवशी ती दातांचा रंग जुळवायला शेजारीच उभी होती. डॉक्टरांनी सांगाडा इम्प्लांटला जखडणारा उजव्या टोकाचा स्क्रू आधी आवळला, आणि तिला दिसलं की डावीकडचं टोक इम्प्लांटवरून किंचित उचललंय. डॉक्टरांनी बाकीचे स्क्रू आवळले. फट मिटली.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"जरा ओढल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या.

"होईल सवय."

ताईने हे आधीही ऐकलं होतं. तिच्या सासूबाईंनाही कवळी देताना कुणीतरी असंच सांगितलं होतं. सासूबाई आजही जेवायला बसल्या की आधी कवळी काढून वाटीत ठेवतात. पण पेशंटदेखत डॉक्टरांना टोकणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती दातांचा रंग जुळवत राहिली. बाई गेल्यावर मात्र तिने विषय काढला.

"डॉक्टर, डावीकडे उचललं होतं."

"नंतर बसलं की."

"बसलं नाही. तुम्ही बसवलंत."

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, तुमच्याच नमुन्यावर बरोबर बसला होता ना?"

"बसणारच. नमुनाही त्याच स्कॅनवरून आलाय. स्कॅन चुकला असेल तर दोन्ही मिळून चुकणार. एक-दोन दातांची कामं त्यावर झकास होतात, मीच केलीत. पण इथे एकही दात नाही, नुसती गुळगुळीत हिरडी. कॅमेरा एक फोटो शेजारच्या फोटोला जोडत पुढे जातो. ओळखायला खूण नसली की तो जरासा चुकतो, ते जरासं पुढच्यात मिसळतं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईतो साठत जातं."

"साठून साठून किती? केसाएवढं?"

"असेल केसाएवढंच. पण खरा दात दाबाखाली थोडा तरी हलतो. इम्प्लांट हाडात घट्ट असतो, तो कुठे सरकणार? आज ओढतंय, उद्या स्क्रू सैल होतील, नाहीतर तुटतील."

स्कॅनरच्या टोकावरची टोपी काढून डॉक्टरांनी पुन्हा घातली.

"प्लास्टरची पातळ पट्टी करते त्याच नमुन्यावर," ताई म्हणाली. "प्लास्टर वाकत नाही, स्क्रू आवळताना ताण आला की तुटतं. माप बरोबर असेल तर पट्टी टिकेल आणि मी तुमची माफी मागेन."

"करा," डॉक्टर म्हणाले. आवाज काही खूश नव्हता.

तीन दिवसांनी बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी पट्टी हलक्या हाताने तोंडात ठेवली. पहिला स्क्रू गेला, दुसरा गेला. तिसरा अर्धा फिरला आणि खट्‌कन आवाज झाला. तिघांनीही तो ऐकला.

"मी काही केलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

डॉक्टरांनी दोन तुकडे काढून तळहातावर ठेवले आणि तुटलेल्या कडा एकमेकांना लावून पाहिल्या. ताईला वाटलं, आता हे प्लास्टरला दोष देणार. पण ते स्टूल ओढून बाईंसमोर बसले.

"तुम्ही काही नाही केलंत. माप चुकलंय. आणि त्या दिवशी तुम्ही ओढतंय म्हणालात, तेव्हाच मी ऐकायला हवं होतं."

"मला वाटलं, मीच उगाच कुरकुर करतेय," बाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता पुन्हा तो लगदा?"

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं.

"लगदा नको," ताई म्हणाली. "हिरडी कोरडी करून तिच्यावर दातात भरायच्या मसाल्याचे ठिपके लावू, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही असे. म्हणजे कॅमेऱ्याला खुणा सापडतील. आणि एकदा नाही, तीनदा स्कॅन करू."

बाईंच्या हिरडीवर निळे ठिपके लावले गेले. डॉक्टरांनी या वेळी घाई केली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कुठे न उचलता, शांतपणे कॅमेरा फिरवला. तिन्ही स्कॅन ताईने पडद्यावर एकमेकांवर ठेवून पाहिले. दोन जुळले. तिसरा डावीकडे भरकटला होता, तो तिने बाजूला काढला. जुळलेल्यावरून नवा नमुना, नमुन्यावरून नवी पट्टी.

पुढच्या आठवड्यात सहाही स्क्रू शेवटपर्यंत गेले. पट्टीला चरा पडला नाही. डॉक्टरांनी मग एका टोकाचाच स्क्रू ठेवून बाकीचे सैल केले, भिंग डोळ्यांना लावलं, दुसरं टोक पाहिलं आणि भिंग काढून ताईच्या हातात दिलं. "तुम्ही बघा."

फट नव्हती. ताईने दोनदा पाहिलं.

नव्या सांगाड्यावर पक्के दात बसले त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंच्या हातात आरसा दिला. बाई हसून वगैरे पाहत बसल्या नाहीत. त्यांनी आरसा तोंडाजवळ धरला आणि कामालाच लागल्या. प, फ, ब नीट आले. त, द नीट आले. स आला तो शिट्टी घेऊन.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "पोरं माझ्या जिभेकडे पाहून शिट्टीच शिकतील."

"जीभ कुठे लागतेय?" ताईने विचारलं.

"इथे, मागे. जागा कमी पडतेय."

दात काढून ताई मागच्या खोलीत गेली, पुढच्या दातांची मागची बाजू अगदी हलकेच घासून परत आली. अजून थोडी शिट्टी होती. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा बाईंनी आरशात पाहत स म्हटला, मग श, मग पुन्हा स, आणि मान हलवली.

"ओढतंय का कुठे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं काम थांबवून उभे राहिले.

बाईंनी दात मिटून, उघडून, पुन्हा मिटून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "कुठेच नाही."

रुमाल पर्समध्ये टाकून त्यांनी फोन काढला आणि तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, शाळेला सोमवारपासून येते म्हणून कळवलं.