भरवण्याचा रकाना

या, अशा जवळ सरकून बसा. पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, माझेही दुखतात. बोरी बुद्रुकची एक गोष्ट सांगतो, दोन हजार चार सालच्या पौषातली. गोष्ट फुलाबाईची आहे. मीही तिच्यात आहे, पण नसतो तर बरं झालं असतं.

तेव्हा मी एका संस्थेत तपासनीस होतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे संस्थेच्या बाया रोज घरी जात. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, ही त्यांची कामं. ती नीट होतात की नाही हे बघायला मी एम-एटी गाडीवरून जुन्नर-आंबेगावची एकोणीस गावं फिरायचो. पाठीला जखम झाली का, दंडाचा घेर किती भरला, फॉर्मच्या रकान्यात खूण आहे का. संध्याकाळी कुठं कीर्तन असलं तर टाळ घेऊन मागं उभा राहायचो. तेवढ्यानंच जरा पाठ सरळ व्हायची.

त्या सकाळी साळुबाईच्या दंडाला टेप लावला. एकोणीस. ज्येष्ठात बावीस सेंटिमीटर होता.

साळुबाईची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली, वाचाही गेलेली. मुलगा गेणभाऊ आणि सून सकाळीच कांद्याच्या लागणीला जात, ते दुपारी दोनला परतत आणि मगच म्हातारीला भरवत. तोवर म्हातारीजवळ आमची सेविका, फुलाबाई. आज तपासणी म्हणून सगळेच घरी होते.

फॉर्मवर भरवण्याचा रकाना सात महिने रिकामा होता. शेजारच्या शेऱ्यात दर महिन्याला माझंच अक्षर : 'रुग्णास भूक नाही.'

खरं काय ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. फुलाबाई बौद्ध वस्तीतली. तिनं म्हातारीची घाण काढलेली घराला चालायची, तिच्या हातचा घास चालत नव्हता. चूल, हंडा, वाटी, कशालाच तिचा हात लागायचा नाही. मी गेणभाऊच्या भावकीतला, सप्ताहात त्याच्या शेजारी उभा राहणारा. कशाला वाद, म्हणून लिहीत गेलो. कुणाचंच वाईट होऊ नये असं वाटायचं.

आता कचेरीचं पत्र आलं होतं. सात महिन्यांत सेविका एक घास भरवू शकली नाही; तिला कामावरून कमी करावं.

"करा की कमी," फुलाबाई म्हणाली. "पर आदी खरं लिवा. आजीला भूक न्हाई? अवो सायेब, नऊ वाजल्यापासनं चुलीकडं बघत ऱ्हाती ती. डाव्या हातानं माझा पदर वढती."

"मग एखाद्या दिवशी गुपचूप भरवायचं होतं," मी हळूच म्हणालो.

"भरवलं असतं. पर मंग आजी चोरीचं जेवली असती."

"खरं लिहिलं तर घरच्यांनी अडवलं म्हणून या घराची सेवाच बंद होईल. मग म्हातारीची कूस कोण बदलणार?"

तिनं म्हातारीचं पांघरूण सारखं केलं. "त्ये भाऊला इचारा. सगळं मलाच किती इचारनार?"

गेणभाऊ उंबऱ्यात बसून हसला. "सोपानराव, तुमी काय नवं हाये का? लिवा, दात न्हाईत म्हनून. न्हाईतर पित्त झालतं म्हना. लिवायचं तुमाला आमी शिकवायचं व्हय?"

खरं सांगतो, मी थकलो होतो. खोटं रचायलाही कष्ट पडतात. मी पेन टेकवलं, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "रुग्णास भूक आहे. सेविका बौद्ध असल्याने घरच्यांनी तिला भरवू दिले नाही." मग फॉर्म पुढं केला. "भाऊ, खाली तुमची सही."

गेणभाऊनं चष्मा लावला. दोनदा वाचलं. "हे असं नगं. कागदावर बरं दिसत न्हाई."

"आन घरात दिसतं व्हय?" फुलाबाई म्हणाली.

"फुला, तू मधी बोलू नगंस."

पेन त्याच्या हातात तसंच राहिलं. रोज जे करत होता, त्याखाली त्याला नाव घालवेना.

एवढ्यात सून पेजेची वाटी घेऊन बाहेर आली. फुलाबाईपासून हातभर लांब जमिनीवर ठेवली. "घे. भरव."

पेजेचा वास येताच साळुबाईनं तोंड उघडलं. फुलाबाई हलली नाही.

"हातात द्या, वैनी."

"आता ह्ये काय नखरं? म्हातारी आ वासून बसलीया, दिसत न्हाई?"

"दिसतंय." तिचे हात मांडीवरून उठले नाहीत.

साळुबाईच्या घशातून बारीक आवाज येत होता. गेणभाऊ खाली बघत होता. शेवटी सून वाकली, वाटी उचलली आणि फुलाबाईच्या हातात दिली. म्हातारीनं सगळी पेज संपवली, आणि रिकामा चमचाही ओठांत धरून ठेवला.

गेणभाऊनं सही केली नाही. मी लिहिलेलं खोडलं नाही. त्याखाली आजची तारीख घालून लिहिलं, 'आजपासून भरवते.' मग मागचे सातही शेरे खोडले आणि प्रत्येकाखाली माझी सही केली. कचेरीनं मला कारणे दाखवा नोटीस दिली आणि शिनोलीच्या पलीकडच्या लांबच्या डोंगरी गावांवर टाकलं. ते रास्तच होतं. म्हातारीची सेवा चालू राहिली, फुलाबाईही कामावर राहिली.

साळुबाई चैत्रात गेली. माझ्या जागी आलेल्याच्या शेवटच्या मोजणीत दंड साडेवीस भरला होता. तेराव्याच्या जेवणाचं बोलावणं फुलाबाईला नव्हतं. त्या दिवशी ती दुसऱ्या एका घरी कुणाची तरी कूस बदलत होती.

एवढंच मागणं आहे. कधी घरात कुणाला भरवायची वेळ आली, तर फुलाबाईची आठवण ठेवा. समोर वाटी, म्हातारीचं तोंड उघडं, आणि मांडीवर थांबलेले ते दोन हात.