सुटं होणारं टेबल

बाबा लेकीकडे राहायला आले ते "बघू, जमलं तर" असं म्हणत. सुतारकीत जन्म गेलेला, हात स्वस्थ बसू देईनात. मागच्या खोलीत त्यांनी कामाचं टेबल करायला घेतलं. जाड फळ्या, दणकट पाय आणि खिळा औषधालाही नाही. आडव्या पट्टीचं टोक पायाच्या भोकातून आरपार काढायचं, बाहेर आलेल्या टोकात पाचर ठोकायची, की सांधा पक्का. पाचर उलटी ठोकली, की टेबल सुटं.

"सुटं कशाला व्हायला हवं?" लेकीनं विचारलं.

"उद्या इथून हलायचं झालं, तर दारातून जायला नको?"

लेकीचं तोंड उतरलं. बाबांनी ते पाहिलं आणि पुन्हा रंधा मारायला लागले. त्यांना कुणाच्या घरात अडगळ व्हायचं नव्हतं.

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. जगातली सगळी वाळवंटं तोंडपाठ, पण घरातला हातोडा कुठे असतो, ते बायकोला विचारायचा. "जावईबापू, पटाशी अशी धरतात. तो खडू नाही," बाबा म्हणायचे. तो बिचारा हसून घ्यायचा.

टेबल उभं राहिलं आणि बाबांना कळलं, की ही खोली जावयाच्या अभ्यासाची होती. त्याची पुस्तकं पलंगाखाली कोंबलेली, नकाशे स्वयंपाकघरात टांगलेले. संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या निघतो मी." जावई नुसतं "बरं" म्हणाला. बाबांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

सकाळी त्यांनी हातोडा घेऊन पाचर उलटी ठोकली. हलेना. जोर लावला, तर अख्खं टेबल खोलीभर सरकलं, पाचर मात्र ढिम्म. वाकून पाहतात तो फटीतून पिवळा सरस ओघळून वाळलेला.

"पाचरीला सरस? हा गाढवपणा कुणाचा?"

"माझ्याकडे बघू नका," लेक म्हणाली. "सुताराची लेक आहे मी. पाचरीला सरस लावीन होय?"

मग दोघांनी मिळून मास्तरांकडे पाहिलं. त्यांची दोन बोटं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"टेबल आता दारातून जात नाही," जावई खाली बघत म्हणाला. "मापं घेतलीत मी. आणि टेबल सोडून तुम्ही जाणार नाही."

बाबांना रागवायचं होतं, पण हात त्या सांध्यावरूनच फिरत राहिला. आयुष्यात त्यांनी इतका बेंगरूळ सांधा पाहिला नव्हता आणि कुठल्याच सांध्यावर त्यांचा इतका जीव जडला नव्हता.

"अहो जावईबापू, एवढा सरस फासण्यापेक्षा तोंडानं सांगायचं होतं, राहा म्हणून."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"ऐकलं असतं हो," बाबा म्हणाले. "आल्या दिवसापासून त्याचीच वाट बघतोय मी."