कायदामंत्र्यांचा काळा कोट

मित्रांनो, नाक मुरडू नका हं! कोपरांवर झिजून चकाकणारा हा काळा कोट म्हणजेच मी. माझ्या नशिबात काय काय लिहिलं होतं, ते ऐकाच.

शिंप्याने मला एका नवख्या वकीलबाईंसाठी शिवलं. पहिल्या खटल्यात त्या आपल्याच अशिलाचं नाव विसरल्या. मी मात्र ऐटीत! खटला हरलो. पण हळूहळू बाईंचा आवाज असा चढला, की समोरच्याची बोलतीच बंद. कामावरून काढलेल्या बसचालकांना त्यांनी नोकरी परत मिळवून दिली, तेव्हा त्या चालकांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं. बाई जिंकल्या आणि पुढे चक्क कायदामंत्री झाल्या.

सगळे आनंदले. माझी मात्र कपाटात रवानगी झाली, कारण मंत्र्याला वकिली करता येत नाही. पण सवय जाते थोडीच? पहिल्याच भाषणात बाई सभापतींना "माय लॉर्ड" म्हणाल्या! सभागृह खो खो हसलं. घरी नवऱ्याने छेडलं, "अगं, पुढची तारीख नाही ना मागितलीस?" कपाटात मलाही हसू फुटलं. पण कसरीने माझी बाही कुरतडायला घेतली आणि ते हसू मावळलं.

मंत्रिपदाची मुदत संपली, तसा एक कार्यकर्ता काचेची पेटी घेऊन दारात हजर. "ताई, कोट द्या. पक्षाच्या कार्यालयात ठेवतो. लोक फोटो काढतील!"

काचेच्या पेटीत? कायमची कैद!

"नेऊ दे की," नवरा म्हणाला. "तुला आता बसतोय कुठे तो?"

हे ऐकून बाई उसळल्या. मला तरातरा अंगात चढवलं आणि... टर्रर्र! मी काखेत उसवलो. संपलंच सगळं, असं वाटलं मला.

बाई मात्र हसत सुटल्या. "शिंप्याने आत माया सोडलीय, सैल करून देईल तो. आणि निवडणुका बास झाल्या. मला कोर्टात भांडायचंय!"

"मग पेटीत काय ठेवू, ताई?"

"माझी मंत्रिपदाची पाटी ठेव. तिला नाहीतरी लटकण्यावाचून काम नव्हतं!"

हुश्श! जीव भांड्यात पडला माझा.

मित्रांनो, वस्तूला मान द्या, पण तिचं काम काढून घेऊ नका. उसवली तर शिवा, कसर लागली तर ऊन दाखवा, पण वापरा. बरं, आता गप्प बसतो. आमच्या खटल्याचा पुकारा झालाय आणि बाई उभ्या राहतायत!