उत्तर जोडीदाराच्या कानात

आमच्या न्यू हॅम्पशर राज्यानं देशाला एकच राष्ट्राध्यक्ष दिला, फ्रँकलिन पिअर्स, आणि त्याचंही नाव काढलं की बाहेरचे लोक तोंड वाकडं करतात. करेनात का! आमच्या गावात दर फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात त्याच्या नावानं जेवण होतं. काकवीत शिजवलेला घेवडा, काळा पाव, आणि मग त्याच्या आयुष्यावरचे प्रश्न. प्रश्न मी विचारते. मी ऑर्पा विगिन. माझ्याशी हुज्जत घातलेली मला खपत नाही, हे गावाला चांगलं ठाऊक आहे.

खेळ जोड्यांनी खेळायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं तोंड उघडायचं नाही. जोडीदाराच्या कानात सांगायचं, आणि उठून बोलायचं ते जोडीदारानं. सांगितलं तेच बोलायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही. भांडलेल्या नवरा-बायकोनं वर्षातून एकदा तरी जवळ यावं म्हणून कुणा जुन्या पाद्र्यानं हा नियम घालून दिला म्हणे.

त्या दुपारी मी टेबलं मांडत होते, तर शेजारचा एव्हरेट थर्लो शेगडीसाठी लाकडं घेऊन आला. लाकडं टाकून झाली तरी जाईना.

"काय रे? मुळं फुटली का पायाला?"

"ऑर्पा, बर्फ वितळला की मी शेजारच्या राज्यात, मेनला चाललोय. बहिणीकडे."

"किती दिवस?"

"कायमचा."

मी हातातली ताटं खाली ठेवली. चार हिवाळ्यांपूर्वी एव्हरेट गावच्या पंचांत निवडून आला होता. पहिल्या बैठकीला निघताना त्यानं कॅलेबला, त्याच्या लहान पोराला, हौसेनं बरोबर घेतलं. हेस्टर, त्याची बायको, दारात उभी राहून सांगत होती, बर्फानं रस्त्याची नुसती काच झालीय, पोराला नेऊ नकोस. पुलाजवळ गाडी घसरली. एव्हरेटला खरचटलंसुद्धा नाही. पोर गेलं. दफनाच्या दिवशी हेस्टर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आता जा बैठकीला. मन लावून बस." त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्यानं पंचाची जागा सोडली, तरीही नाही.

"घरात आम्ही तिघं राहतो, ऑर्पा," एव्हरेट म्हणाला. "बोलतात दोघंच. मी नव्हे त्यातला."

आमच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. रोज संध्याकाळी हेस्टर कॅलेबशी बोलायची. मोजे वाळलेत का, दूध सगळं पी, असंच काहीबाही. आणि उत्तरं यायची. दोन्ही आवाज हेस्टरच काढते, असं मी मनाला बजावून ठेवलं होतं. पण एकदा ती खिडकीत उभी राहून पाणी पीत होती, पेला तोंडाला होता, मी डोळ्यांनी बघत होते, आणि नेमकं तेव्हाच आत कुणीतरी खुदकन हसलं. मी पडदा ओढला तो आठवडाभर उघडला नाही.

"ती बोलली तर राहशील?" मी विचारलं.

"एक शब्द बोलली तरी राहीन. शिवी दिली तरी चालेल."

पाच वाजता अंधार पडला आणि माणसं जमली. थर्लो नवरा-बायकोही आली. हेस्टरनं टेबलावर तीन ताटं मांडली, तिसऱ्यापाशी दुधाचा पेला ठेवला आणि खुर्ची मागे ओढून दिली. जो तो आपल्या घेवड्यात बघू लागला. ती खुर्ची बघून मला भरून आलं. पोराला जेवून उठल्यावर खुर्ची आत सरकवायची कधी सवयच नव्हती, आणि "खुर्ची आत सरकव, कॅलेब!" ही हेस्टरची हाक सगळ्या आळीला पाठ होती.

पहिला प्रश्न लेस्टर फॉग आणि मिनर्वाला आला. शपथ घेताना पिअर्सनं बायबलवर कुठला हात ठेवला? मिनर्वानं लेस्टरच्या कानात सांगितलं. तो उठला.

"कुठलाच नाही! त्यानं बायबल घेतलंच नाही, कायद्याचं पुस्तक घेतलं. आणि लग्नात माझ्याकडूनही तसंच करून घ्यायला हवं होतं, असं मिनर्वा म्हणते. सांगितलं तेच बोलायचं ना, बाईसाहेब?"

तळघर खदखदून हसलं. हेस्टर तेवढी हसली नाही. पोटचं पोर गेल्यामुळे पिअर्सचा देवावर रोष होता, असं म्हणतात.

मग मी भांड्यात हात घालून नावाची चिठ्ठी काढली. थर्लो. प्रश्नाची काढली, वाचली आणि तशीच मुठीत दाबली. पद हाती घेण्याआधी पिअर्स, त्याची बायको आणि मुलगा आगगाडीनं चालले होते. डब्याच्या चाकांचा आस मोडला, डबा खाली कोसळला. आईबाप वाचले, पोर त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. नवऱ्याचं मन कारभारात राहावं म्हणून देवानं पोराला नेलं, असं त्या बाईनं मनात घेतलं ते कायमचं. मेलेल्या पोराला पत्रं लिहायची ती. हेस्टरला हे सगळं माहीत होतं, आम्ही एकाच शाळेत शिकलो.

"ही चिठ्ठी भिजलीय," मी म्हटलं. "दुसरी काढते."

"वाच, ऑर्पा," हेस्टर म्हणाली.

मी वाचलं. "पिअर्सचा मुलगा ज्यात गेला, तो अपघात कशामुळे झाला?"

शेगडीतलं लाकूड तडतडलं. एव्हरेटनं मान खाली घातली. हेस्टर रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. कुणीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी ती बघत होती, आणि मध्येच तिनं मान हलवली, "नाही" अशी. मग पुन्हा ऐकलं. मग तिचा चेहरा एकदम पडला. ती एव्हरेटकडे वळली, त्याचा खांदा धरला आणि कानाशी तोंड नेलं.

एव्हरेट उठला तो टेबलाचा आधार घेत.

"कॅलेब म्हणतोय," तो म्हणाला आणि अडकला. नियम नियम असतो. सांगितलं तेच बोलायचं. "कॅलेब म्हणतोय, रस्त्यावर बर्फ होता म्हणून. बाबाची चूक नव्हती."

लेस्टर काहीतरी बोलणार होता, मिनर्वानं त्याचा दंड धरला. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर उत्तर लिहिलं होतं, चाकांचा आस मोडला. आजवर मी कुणाचं चुकीचं उत्तर चालवून घेतलेलं नाही, सख्ख्या भावाचंसुद्धा नाही.

"बरोबर," मी म्हटलं.

एव्हरेट मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. हेस्टरनं त्याचं ताट पुढे सरकवलं. "घेवडा गार होतोय," ती सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली. "खा."

तेवढ्यात फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज झाला. मी बघितलं. तिसरी खुर्ची टेबलाखाली आत सरकवलेली होती, अगदी व्यवस्थित. तिच्या आसपास कुणीसुद्धा नव्हतं. हेस्टरनंही बघितलं आणि तोंडावर हात दाबून धरला.

एव्हरेट मेनला गेला नाही. आता त्या घरातून दोनच आवाज येतात, तिचा आणि त्याचा. लाकडावरून भांडतात, मिठावरून भांडतात, आणि मला बरं वाटतं. पण कधीकधी बोलता बोलता हेस्टर गप्प होते आणि खिडकीशी येऊन उभी राहते. मीही इकडे कामं टाकून उभी असते. आम्ही दोघी कान देऊन थांबतो. काहीच ऐकू येत नाही.