टॉवेलाखालची बोटं

चेसिरेने म्हाताऱ्या अराप तुवेईच्या खांद्यावर गार जेल चोपडलं, यंत्राची मूठ त्यावर टेकवली आणि बटण दाबलं. टक्-टक्-टक् असा एकसुरी आवाज सुरू झाला. आवाजाच्या लाटा आत जातात, आखडलेलं सोडवतात, ना सुई ना सुरी, असं तो प्रत्येकाला सांगायचा. जोर किती ठेवायचा हे मात्र एका प्रश्नावर ठरायचं.

“काका, दहापैकी किती दुखतंय?”

“दोन,” म्हातारा छताकडे बघत म्हणाला.

चेसिरे चरकला. दाराजवळच्या बाकावर म्हाताऱ्याची मुलगी जेबिवोट बसली होती. दोन वर्षांपूर्वी ह्याच पलंगावर पडून तिनेही ‘दोन’च सांगितलं होतं.

केनियातल्या इतेनमध्ये, धावणाऱ्यांच्या ह्या गावात, दुखणं कुणी सांगत नाही. वयात येतानाच्या दीक्षेत, सुंतेची सुरी लागल्यावर पोराची पापणी हलली, तर ती गोष्ट त्याच्या नातवंडांपर्यंत पोचते. पोरीही हेच ऐकत वाढतात. चेसिरेसुद्धा ह्याच मातीतला. त्या दिवशी जेबिवोटची नडगी ठणकत होती, परदेशातल्या शर्यतीसाठीची निवड आठवड्यावर आली होती आणि कोच हाताची घडी घालून दारात उभा होता. चेसिरे जोर वाढवत गेला. तिचा चेहरा जराही हलला नाही, पण पायाची बोटं घट्ट मुडपली गेली. ती त्याला दिसली. इतकं दुखतंय म्हणजे हाडात काहीतरी आहे, हे त्याला कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. यंत्र बंद करून तिला एक्स-रेसाठी एल्डोरेटच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं, एवढंच काम होतं. त्याऐवजी त्याने शेजारचा टॉवेल ओढून तिच्या पायांवर घातला. कोचसमोर पोरीची शोभा नको, म्हणून.

निवडीच्या शर्यतीत अठराव्या किलोमीटरला ते हाड मोडलं. आता ती बसथांब्याजवळ चहा विकायची. लोक यंत्राला नावं ठेवत, आणि चेसिरे गप्प बसून ऐकून घेई. टॉवेलाची गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

“वाढव की जरा,” म्हातारा म्हणाला. “गोमाशी चावल्यासारखं काय हे!”

“वासरू खड्ड्यातून ओढताना केवढ्यानं ओरडलात, बाबा,” जेबिवोट म्हणाली. “पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेलं.”

“मी वासरावर ओरडलो.”

चेसिरेला हसू आलं. त्याचा हात जोर वाढवायला गेला आणि तिथेच थांबला. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हाताने पलंगाची कड गच्च धरली होती. नखं पांढरी पडली होती.

जेबिवोट उठली. लंगडत पलंगापाशी आली, उशाचा टॉवेल उचलला आणि घडी करून छातीशी धरला.

“दादा, त्या दिवशी तुम्ही माझे पाय झाकलेत.”

यंत्र टकटकत राहिलं.

“मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नसेल,” तो म्हणाला.

“आलं की. बोटं मी मुद्दाम नव्हती मुडपली. पण तुमची नजर गेली ना, तेव्हा इतकं बरं वाटलं. म्हटलं, दादांना दिसलं. आता तेच थांबवतील, मला सांगावं लागणार नाही.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उद्याच्या दुधाबद्दल बोलावं तशी बोलत होती. चेसिरेने यंत्र बंद केलं. मूठ जाग्यावर ठेवली आणि तो तिच्याकडे वळला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “मला दिसलं होतं, जेबिवोट. सगळं दिसलं होतं.”



म्हातारा हे सगळं पडल्या पडल्या ऐकत होता. त्याने मान वळवली आणि मुलीच्या पायाकडे बराच वेळ बघितलं. मग पलंगाच्या कडेवरचं एकेक बोट सोडवलं.

“नऊ,” तो म्हणाला.

“काय?”

“खांदा. नऊ दुखतोय. वासरू ओढलं तेव्हापासून.”

जेबिवोटने टॉवेलाची घडी मोडली आणि वाकून बापाच्या खांद्यावरचं जेल पुसायला लागली.